अम्मीचं बीपी कुणी मोजलंच नव्हतं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘ताणतणाव आणि आपलं आरोग्य’ हा विषय दिला आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात एका वाहतूक कंपनीत हिशेब लिहिण्याचं काम करतो. त्यामुळे उपदेश न करता हिशेबच मांडतो. माझ्या घरातल्या चार माणसांचा हिशेब.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेहतीस वर्षांचा होतो. मार्च महिना, वर्षअखेर, रात्री अकरा-बारापर्यंत ऑफिस. त्यातच घरमालकानं घर सोडायला सांगितलेलं. नवीन घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं; मग समोरचा नाव विचारायचा आणि नाव सांगितलं की आवाज बदलायचा. ‘मालकाला विचारून सांगतो’ म्हणायचे आणि पुन्हा फोन यायचा नाही. इथं बसलेल्या अनेकांना हा अनुभव नवीन नसेल. असे सहा-सात नकार पचवले. पचवले असं मला वाटत होतं.

एका सकाळी मानेच्या मागे ठणका लागला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाईंनी बीपी मोजलं, पाच मिनिटं बसवून ठेवलं, पुन्हा मोजलं. १७० बाय ११०. साधारणपणे १२० बाय ८०च्या खाली असावं आणि दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून ते १४० बाय ९० किंवा त्याहून जास्त येत राहिलं, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी विचारलं, ‘घरात कुणाला आहे?’ मी म्हटलं, ‘अब्बांना होतं.’

अब्बांचं कराडजवळच्या आमच्या गावी शिलाईचं दुकान होतं. त्यांना बीपीची गोळी रोज घ्यायला सांगितली होती. ते डोकं दुखलं की घ्यायचे. ‘बरं वाटतंय तर गोळी कशाला?’ हा त्यांचा हिशेब. चोपन्नाव्या वर्षी ऐन ईदच्या गर्दीत, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते खाली बसले. उजवी बाजू गेली. पुढची नऊ वर्षं त्या उजव्या हाताला कात्री धरता आली नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला मी काय केलं असेल? तीन महिने गोळ्या घेतल्या, बीपी १३०वर आलं आणि गोळ्या बंद केल्या. कुणालाही न विचारता. बायकोलाही सांगितलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तीच अंधारी, तेच आकडे. डॉक्टर बाई एवढंच म्हणाल्या, ‘गोळीमुळे बीपी खाली आलं होतं. बीपी गेलं म्हणून गोळी गेली, असं नव्हतं.’ वडिलांच्या चुकीवर नऊ वर्षं हळहळणारा मी तीच चूक नऊ महिन्यांत करून मोकळा झालो होतो.

मग मी थोडं वाचलं, थोडं विचारलं. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१५ साली मांडलं की धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं, रक्तदाब चढतो. समोर वाघ असेल तर हे उपयोगाचं आहे. घरमालकाच्या फोनवर मात्र ना लढता येत, ना पळता येत. ताण शरीरातच राहतो. तो घटकाभरानं उतरतोही. पण उतरवण्यासाठी आपण जे करतो ते मागे राहतं. मी काय करत होतो? दिवसाला आठ कप चहा, सोबत खारी, रात्री नाक्यावर एक वाजेपर्यंत गप्पा, मग मोबाइल, झोप जेमतेम पाच तास. ताण बाहेरून येत होता, हे खरं. पण त्याला घरात जागा मी करून दिली होती.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक दुखण्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. पोटातले अल्सर टेन्शननं आणि तिखटानं होतात असं डॉक्टरसुद्धा वर्षानुवर्षं मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिलं की बहुतेक अल्सरच्या मागे एक जिवाणू असतो. मार्शल यांनी १९८४ साली तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. छातीत जळजळतंय म्हणून वर्षभर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चघळणारे आपल्यात किती आहेत? आधी तपासून घ्या, मग टेन्शनला दोष द्या.

आता मिठाचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, खारी सगळं आलं. आम्ही घरात चार माणसं: मी, बायको, अम्मी आणि धाकटा भाऊ. चार माणसं, पाच ग्रॅम, तीस दिवस: ६०० ग्रॅम. आमच्याकडे महिन्याला दीड किलो मीठ संपत होतं. लोणचं-पापड वेगळं. हा हिशेब तुम्ही आज घरी जाऊन करू शकता. वाण्याच्या यादीत मिठाचे पुडे मोजायचे, बस्स.

आम्ही काय बदललं ते सांगतो. भातात मीठ बंद केलं. दस्तरखानावरची मिठाची वाटी उचलली. लोणचं रोजचं होतं, ते जुम्म्यापुरतं ठेवलं. पहिले पंधरा दिवस सगळं अळणी लागलं. भाऊ तर बाहेर जेवायला लागला. मग जिभेला सवय झाली. आता हॉटेलचा रस्सा खारट लागतो. बिर्याणी आम्ही सोडलेली नाही. ती आठवड्यातून दोनदा व्हायची, आता महिन्यातून दोनदा होते आणि सोबत मोठी वाटी भरून कांदा-काकडीची कोशिंबीर असते.

१९९७ साली अमेरिकेत ‘डॅश’ नावाच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भाज्या, फळं, अख्खी धान्यं, डाळी, कमी स्निग्धांशाचं दूध-दही खाणाऱ्यांचा रक्तदाब उतरला. २००१ सालच्या पुढच्या अभ्यासात, त्याला कमी मिठाची जोड दिल्यावर तो आणखी उतरला. नाव परदेशी आहे, ताट आपलंच आहे. ज्वारीची भाकरी, मेथी किंवा चाकवत, मटकीची उसळ, बिनमिठाचं ताक, एखादा पेरू. आमच्या आजीचं रोजचं जेवण हेच होतं. मटण ईदला आणि पाहुणे आले की. आपण पैसे मिळवायला लागलो तशी ती भाकरी गरिबीची खूण म्हणून बाजूला सारली.

चहाचं सांगतो. आठ कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सोळा चमचे, साठ ग्रॅमच्या वर. वरून घातलेली साखर दिवसाला सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. मी तीन कपांवर आलो, एकेक चमचा साखर. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, चिडचिड झाली. कमी करायचं तर हळूहळू करा, एकदम नको.

रमजानबद्दल प्रश्न येणारच, म्हणून आधीच बोलतो. इफ्तारला खजूर आणि पाणी घ्यायचं, मग फळं, मग थोडं थांबून जेवण. आम्ही करायचो ते वेगळं होतं: भजी, समोसे, लाल सरबत आणि तासाभरात पुन्हा पोटभर जेवण. महिन्याच्या शेवटी वजन वाढलेलं. आता आमच्याकडे तळण इतवारी होतं. आणि ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावं. गोळीची वेळ सहरी-इफ्तारला बसवता येते, पण ती डॉक्टरांनी बसवायची. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, ती कुरआननंच दिलेली आहे. लोक काय म्हणतील म्हणून ती नाकारण्यात कसला पराक्रम?

या सगळ्यात मी एक यंत्र घेतलं, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं. पहिल्याच रविवारी हौसेनं सगळ्यांचं मोजलं. भाऊ ठीक, बायको ठीक. अम्मीला म्हटलं, बस. ती भांडी घासत होती. ‘मेरेकू क्या होताय?’ म्हणाली. हात पुसून नाइलाजानं बसली. १७८ बाय १०४. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्या दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात नेलं. तिथंही तेच.

नऊ वर्षं अम्मीनं अब्बांचं सगळं केलं. त्यांना दवाखान्यात नेलं, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाळल्या. त्या दवाखान्यात भिंतीला बीपीचं यंत्र होतं आणि शेजारी अम्मी उभी असायची. तिच्या दंडाला तो पट्टा कुणी कधी बांधला नाही. डॉक्टरांनी नाही आणि आम्ही मुलांनीही नाही. माझ्या बीपीची घरभर चर्चा झाली, माझ्यासाठी वेगळी भाजी झाली. आणि ती भाजी करणारी बाई सगळ्यांच्या शेवटी, उरलेल्या भातावर लोणचं घेऊन जेवत होती. सकाळी दातांना मिसरी लावत होती. ताण म्हणजे ऑफिसचा, पुरुषाचा, असं मी धरून चाललो होतो. तिचा ताण मोजायला आमच्याकडे आकडाच नव्हता.

त्या दिवसापासून खरा बदल झाला. आता आम्ही सगळे एकत्र बसून जेवतो, अम्मीसकट. हा निर्णय सोपा वाटतो, पण सोपा नव्हता. पहिले काही दिवस ती उठून उठून भाकऱ्या वाढत होती. मग भाकऱ्या आधी करून डब्यात ठेवायच्या असं ठरलं आणि भांडी मी आणि भाऊ वाटून घासायला लागलो. मिसरी सुटायला आठ महिने लागले, मध्ये दोनदा परत सुरू झाली. तंबाखू कुठल्याही रूपात रक्तदाब चढवते, मग ती मिसरी असो, गुटखा असो की सिगारेट. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ सालापासून बंदी आहे. तरी तो कुठं मिळतो ते इथल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

चालण्याचं असंच. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालावं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मला कुणी अडवलं नाही. अम्मी आणि बायको सकाळी मैदानावर जायला लागल्या तेव्हा मोहल्ल्यात विचारणा झाली, ‘सकाळी सकाळी कुठं?’ दोघी चालत राहिल्या. आता त्यांच्यासोबत गल्लीतल्या अकरा जणी असतात. इथल्या मुलग्यांना माझं सांगणं आहे: स्वतःसाठी जिम लावण्याआधी घरातल्या बाईला चालायला अर्धा तास आणि रस्ता मोकळा करून द्या.

आता खरं सांगायचं. माझी गोळी सुटलेली नाही. दोन होत्या, डॉक्टरांनी तपासून एक केली. अम्मीची एक चालू आहे. भाकरी आणि चालणं हे गोळीच्या सोबत आहे, गोळीच्या जागी नाही. तुमच्यापैकी कुणी हे भाषण ऐकून गोळी बंद केली तर माझं इथं येणं वाया गेलं. आणि जिथं भाकरी आणि चालणं पुरत नाही, झोप येत नाही, जगणं नकोसं वाटतं, तिथं बोला. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. हा ईमान कमी असल्याचा पुरावा नाही, आजार आहे.

नाव ऐकून घर नाकारलं जाण्याचा ताण मेथीच्या भाजीनं जाणार नाही, हेही मला माहीत आहे. त्यासाठी वेगळं काम करावं लागेल, अर्ज करावे लागतील, एकत्र यावं लागेल, वर्षानुवर्षं बोलत राहावं लागेल. अब्बांनाही बरंच काही करायचं होतं. चोपन्नाव्या वर्षी त्यांचं बोलणंही अडखळायला लागलं. आपल्याला लांबचं काम आहे, तर शरीर टिकवणं हा त्या कामाचाच भाग समजा.

शेवटी एकच गोष्ट मागतो. या आठवड्यात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बीपी मोजून घ्या आणि सुरुवात आईपासून करा. तीस वर्षांवरच्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीवर, बोलायचं नाही. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको.

मी यंत्र सोबत आणलं आहे, मागच्या टेबलावर बसतो. संयोजकांना विनंती आहे, चहा जरा उशिरा द्या. आधी मोजू, मग पिऊ.