भिंत आणि हात



शंभरीनिमित्त मंदिराच्या भिंतीवर वारली चित्रं काढायचं ठरलंय. ठेकेदार नक्कल करून देईल, पण माझं एक मागणं आहे. आपलं वसई-विरार पालघर जिल्ह्यातलं. इथे वारल्यांच्या घरी लग्न असलं, की सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती याच कलेसाठी. चौक लग्नाचा, तो मंदिरावर काढावा की नाही, हे पाड्यावरच्या बायाच सांगतील. त्यांना मानाने बोलवा, कामाचं मोल द्या. आपण भिंत सारवू, तांदूळ वाटू. पंगतीला शेजारी बसतो, तसंच भिंतीपुढेही बसू.