कच्चे संगीत कोणाला ऐकवावे?



संगणकावर, आणि आता तर नुसत्या मोबाइलवर, घरच्या घरी संगीत तयार करणारी मुले खेडोपाडी दिसू लागली आहेत. पुढ्यात पेटी नाही, तबला नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे, एकेका चौकोनात एकेक आवाज बसवायचा आणि त्यातून दोन-तीन मिनिटांची रचना उभी करायची, असा हा उद्योग आहे. मुले तिला ‘ट्रॅक’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र एवढेच दिसते, की पोरगा कानात वायरी घालून बसला आहे आणि हाक मारली तर ओ देत नाही.

यंत्रातून निघणारे हे संगीत काही परवाचे नव्हे, आणि सांगावयास आनंद वाटतो की, त्याचे बालपण नभोवाणीच्याच घरी गेले. पॅरिसच्या नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफर या गृहस्थाने १९४८ साली आगगाडीचे आवाज मुद्रित करून, ते उलटसुलट जोडून, त्यांची रचना श्रोत्यांना ऐकविली. जर्मनीत कलोनच्या नभोवाणी केंद्रात १९५१ साली अशा संगीतासाठी स्वतंत्र ध्वनिगृह निघाले. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर हे यंत्र आले. तेथे तयार झालेल्या ध्वनिफिती पुढे कित्येक वर्षे संग्रहात पडून होत्या. त्यांतील निवडक रचना अखेर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या काळी असली यंत्रे मोठ्या संस्थांनीच बाळगावीत. आज ते काम खिशातल्या फोनवर होते, आणि काही प्रोग्राम तर फुकट मिळतात.

यंत्र स्वस्त झाले, पण त्यासोबत एक गोष्ट गेली. आपल्या गावची बेंजो पार्टी डोळ्यांपुढे आणा. बेंजोवाल्याने लय ओढली, की हलगीवाला त्याच्याकडे बघतो. ते बघणेच पुरेसे असते. भजनी मंडळात कोणी नवी चाल आणली आणि ती टाळकऱ्यांना झेपेना, तर दुसऱ्या कडव्यालाच कळून चुकते. म्हणजे रचना अपुरी असतानाच ती दहा कानांवरून जाते. संगणकापुढे एकटा बसलेला मुलगा मात्र चाल लावणाराही तोच, वाजविणाराही तोच आणि ऐकणाराही तोच. संगणक कधी तोंड वाकडे करीत नाही. म्हणून अशा मुलाने आपला अपुरा ट्रॅक दुसऱ्या कोणाला तरी ऐकविणे ही त्या कामाचीच एक पायरी आहे. ती हौस म्हणून सोडून द्यावयाची नाही.

कानाचाही एक स्वभाव आहे. मिनिटाला १२० ठोके अशी लय धरली, तर चार-चार ठोक्यांच्या सोळा आवर्तनांना ३२ सेकंद लागतात. ट्रॅक करणारा मुलगा हा ३२ सेकंदांचा तुकडा रात्रभरात शंभर-दोनशे वेळा ऐकतो. कान सरावतात. जे खटकत होते ते खटकेनासे होते आणि जे गोड होते ते अळणी वाटू लागते. पहाटे दोन वाजता स्वतःच्या ट्रॅकविषयी दिलेला निवाडा, मग तो कोणत्याही बाजूने असो, धरून चालू नये.

आमच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण सांगतो. त्याचे काका हलगी वाजवितात. याने गोठ्याच्या ओसरीवर काकांची हलगी मोबाइलवर मुद्रित केली, ती संगणकावर घेतली, खाली खर्जातला एक घुमणारा आवाज ठेवला, वर बासरीसारखा एक बनावट सूर सोडला आणि दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा ट्रॅक तयार केला. तयार म्हणजे शेवट नव्हता. मध्येच तुटत होता. तो त्याने वर्गमित्रांना ऐकविला. बहुतेकांनी ‘भारी’ म्हटले आणि आणखी दोघांना पाठवून दिला. एक मित्र मात्र म्हणाला, “मधेच मी दुसरं काहीतरी बघायला लागलो रे.” बिचाऱ्याला ते अपमानासारखे लागले. खरे पाहता सगळ्या ‘भारी’पेक्षा त्या एका वाक्यात अधिक मजकूर होता. विचारता विचारता कळले, की एक मिनिट दहा सेकंदांवर तो घुमणारा खर्ज सुरू झाला, की हलगी त्याच्याखाली बुडते आणि ऐकणाऱ्याच्या हाताला धरावयास काही उरत नाही.

मग त्याने काकांना ऐकविला. काका कट्ट्यावर चहा घेत होते. एका कानात वायर घालून त्यांनी सबंध ऐकला, पुन्हा एकदा लावावयास सांगितला आणि म्हणाले, “हलगी माझीच हाय, पर हात माझा न्हाई.”

पोरगा दोन दिवस घुश्श्यात होता. काकांना संगणकातले काय कळते, असे त्याचे म्हणणे. तिसऱ्या दिवशी त्याने मूळ मुद्रण आणि ट्रॅक शेजारी शेजारी लावून पाहिले. झाले होते असे, की या प्रोग्रामांत एक सोय असते: कळ दाबली, की प्रत्येक ठोका मापाच्या रेषेवर नेमका नेऊन बसविला जातो. याने ती कळ दाबली होती. काकांचा हात काही ठोके केसभर आधी टाकतो, काही केसभर मागे ठेवतो. हलगीची जी चाल ऐकून माणसाचे पाय हलतात ती त्या केसभर अंतरातच असते. यंत्राने ती पुसून टाकली होती. काकांना रेषा ठाऊक नव्हती, आपला हात ठाऊक होता.

शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे येथेच आहे. असा ट्रॅक घेऊन मुलगा किंवा मुलगी तुमच्याकडे येईल, तेव्हा “मला या संगीतातले काही कळत नाही” असे म्हणून परत पाठवू नका. यंत्रातले कळावे लागत नाही. कोठे मान डोलली, कोठे कंटाळा आला, कोणता आवाज ऐकू आला नाही, एवढे मिनिट-सेकंदांसह सांगता आले म्हणजे पुष्कळ झाले. “छान आहे, चालू दे” या शब्दांनी मुलाच्या हाती काहीच पडत नाही. आणि “काय हा गोंगाट” म्हटले, तर पुढचा ट्रॅक तो तुमच्याकडे आणीत नाही, कदाचित करीतही नाही. दुरुस्ती सांगण्याची घाईही नको. कोठे बिघडले हे ऐकणाऱ्याला बहुधा बरोबर कळते. ते कसे नीट करावे हे त्याला तितकेसे कळत नाही. ते ज्याचे त्याला शोधू द्यावे.

ऐकताना थोडे पथ्य पाळावे. मोबाइलच्या इवल्याशा कर्ण्यातून पन्नास-साठ हर्ट्झचा खर्ज जवळजवळ येतच नाही. तेव्हा त्यावर ऐकून “खाली पोकळ वाटते” म्हणू नये. एकदा हेडफोनवर आणि जमल्यास एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकावे. दोन प्रतींची तुलना करावयाची असेल, तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा. जी प्रत मोठ्याने वाजते तीच कानाला सरस वाटते, मग ती सरस असो वा नसो. वरातीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांचे निम्मे यश यातच आहे, असे माझे मत आहे. पण तो विषय निराळा.

आणि ऐकविणाऱ्या मुलांनो, “कसा वाटला?” एवढेच विचाराल, तर “बरा वाटला” एवढेच उत्तर येईल. नेमके विचारा: हलगी शेवटपर्यंत ऐकू येते का? सुरुवात लांबली का? ट्रॅक सुरू होण्याआधी दहा मिनिटे त्याची कैफियत मांडू नका, कारण मग माणूस तुमचे बोलणेच ऐकत राहतो. व्हॉट्सॲपवर पाठविणार असाल तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते. प्रत्येक प्रतीला क्रमांक द्या आणि जुनी प्रत पुसू नका. चौथ्या प्रतीत बिघडलेले दुसऱ्या प्रतीत चांगले होते, असे हटकून निघते. वीस जणांना एकदम पाठविण्यापेक्षा तिघांना पाठवा: एक यातला जाणकार, एक ज्याला यातले काही ठाऊक नाही असा, आणि एक ज्याचे वाद्य तुम्ही उचलले आहे तो. तिसऱ्याला तर आधी विचारलेही पाहिजे.

ऐकून घेतलेले सगळे मानलेच पाहिजे, असे मात्र नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याने काकांचे म्हणणे पुरतेपणी अमलात आणून पाहिले, तर मूळ हलगी आणि यंत्राचा काटेकोर ठोका यांची गाठच पडेना. दोघे दोन वाटांनी चालल्यासारखे वाटू लागले. तेव्हा त्याने सुरुवातीला काकांचा हात जसाच्या तसा ठेवला आणि मधल्या भागात ठोके रेषेकडे अर्धेच सरकविले. खर्जही आता हलगीला वाट देऊन मग येतो. ही सातवी प्रत. मला विचाराल, तर मधला भाग अजूनही आठ-दहा सेकंद लांबला आहे. तसे मी त्याला सांगितले. तो म्हणतो, लांबलेला नाही, पुन्हा एकदा हेडफोन लावून ऐका.