एका दिवसाच्या उपवासासाठी एक पान

मी परभणी तालुक्यातल्या पेडगावचा. बी.टेक. झालो, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आज एका अगदी साध्या वेबसाइटबद्दल बोलायचंय.

१९ मार्च ही तारीख किती जणांना माहितीये? १९८६ साली याच दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुलं, असं अख्खं घर संपलं. ही महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. अंबाजोगाईच्या अमर हबीब यांचं किसानपुत्र आंदोलन २०१७ पासून दर १९ मार्चला एक दिवस अन्नत्यागाची हाक देतं. उपवास सहवेदनेचा, आणि सोबत मागणी: सीलिंग, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे कायदे रद्द करा. मागणीवर वाद घाला, जरूर घाला. पण यात भाग घ्यायला मोर्चाला जावंच लागतं असं नाही. शेतात, हॉस्टेलवर, ऑफिसात, आहे तिथं उपवास करता येतो. म्हणून गावाकडचे मित्र म्हणाले, "आपल्या भागापुरतं एक पान बनवून दे की."

पहिला प्रश्न: पान उघडणार कोण? शेतात उभा असलेला माणूस, रेंज एक काडी. म्हणून फोटो नाही, व्हिडिओ नाही, नुसतं एचटीएमएल. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. हजार चिन्हांचा मजकूर म्हणजे साधारण ३ केबी. मोबाइलवरचा एक फोटो सहज ३ एमबी असतो, म्हणजे हजारपट. फाँटही फोनमधलाच वापरला. पत्रक मात्र जुन्या फाँटातलं होतं, कॉपी केलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं. ते युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं.

दुसरं, फॉर्म. नाव-नंबर काही मागितलं नाही, फक्त गाव आणि तालुका. तालुका का? कारण पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातही आहे, भीमेकाठचं, किल्ल्याचं. आणि नंबर गोळा केले की ते सांभाळायची जबाबदारी आपली. जे लागत नाही ते मागायचंच नाही.

मित्रांना "आतापर्यंत इतके सहभागी" असा आकडा हवा होता. मी नको म्हटलं. तो आकडा खरा आहे हे आपण तपासणार कसं? "मग लोकांना जोर कसा येणार?" असं एकानं विचारलं. त्याचं बरोबर होतं. शेवटी गावांची यादी ठेवली. माणूस यादीत आपलं गाव शोधतो, दिसलं नाही की स्वतः टाकतो.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका ओळीवर. विषय आत्महत्येचा. पान उघडणारा स्वतःच कर्जात, काळजीत असेल तर? मी म्हटलं, सगळ्यात वर टेली-मानसचा १४४१६ नंबर टाकू. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. एक मित्र चिडला. "प्रश्न कायद्याचा आहे. हेल्पलाइन टाकून तू तो शेतकऱ्याच्या मनावर ढकलतोयस."

त्याचा मुद्दा खोटा नव्हता. तरी मी म्हटलं, कायदा बदलायला वर्षं लागतील, त्या माणसाची अडचण आज रात्रीची आहे. मागणी एका शब्दानंही कमी करायची नाही आणि नंबरही काढायचा नाही. दोन्ही ठेवलं.

आणि एक बारीक गोष्ट: नंबर दिसायला मराठी आकड्यांत असला तरी लिंकच्या आत इंग्रजी आकडेच लागतात, नाहीतर बोट लावून फोन लागत नाही. स्वतःच्या फोनवर दाबून बघा, मग घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर.

तुमच्या गावासाठी असं पान करायचं असेल तर एक संध्याकाळ पुरते. होस्टिंग फुकट मिळतं. १९ मार्चच्या आठवडाभर आधी लिंक गावच्या ग्रुपवर टाका, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना घरी जाऊन सांगा. अडलं तर विचारा. भेटू पुढच्या भागात!