पुढचे दार आणि मागचे दार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई निमंत्रण घेऊन घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, तुम्ही ख्रिस्ती. तुमच्यात म्हणे बायका-पुरुष, काळे-गोरे सगळे सारखे. त्यावर चार शब्द बोला." मी होकार दिला खरा; पण त्या गेल्यावर विचारात पडले. सारखे आहेत असे आमच्या शास्त्रात लिहिले आहे. पण आम्ही तसे वागतो का? आज त्याच प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे, असे ठरवून मी उभी आहे.

आधी माझ्या आजीची हकीकत सांगते. १८९९-१९०० च्या दुष्काळात तिचे आईबाप गेले. पाचसहा वर्षांच्या त्या पोरीला कुणीतरी बैलगाडीत घालून एका मिशनच्या अनाथाश्रमात पोचवले. तेथे तिला भाकरी मिळाली, अक्षर मिळाले, शिवणकाम मिळाले. तिच्या गावात मुलीच्या जातीला अक्षर माहीत नव्हते. म्हणून आजी मरेपर्यंत मडमांचे उपकार आठवी. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट ती सांगे. बंगल्यावर निरोप घेऊन जायचे, तर मागच्या दाराने. पुढचे दार गोऱ्या पाहुण्यांचे! आणि उपासनेला बसतानासुद्धा पूर्वी कोण कुठल्या जातीचा होता, हे पाहून लोक पुढे-मागे बसत.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, ख्रिस्तामध्ये यहुदी आणि परका, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही. पण पौलाच्याच नावाने असलेल्या दुसऱ्या पत्रात स्त्रीने मुकाट्याने शिकावे, शिकवू नये, असेही आहे. ज्याला जे सोयीचे, ते त्याने काढून दाखवावे! अमेरिकेत काळ्या माणसांना गुलाम ठेवणारे बायबलचा आधार देत, आणि त्यांना सोडवणारेही बायबलचाच आधार देत. म्हणून ग्रंथात काय आहे एवढे विचारून भागत नाही. दार कोण उघडतो आणि कोण लावतो, हे पाहावे लागते.

हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. १८८२ साली आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक पुण्यास छापून निघाले. त्याआधीच्या वर्षी सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांतून बायकांना नावे ठेवण्यात आली. तेव्हा ताराबाईंनी विचारले, की बाईचा दोष दिसतो, मग पुरुषाचा का दिसत नाही?

त्याच १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि 'स्त्रीधर्मनीति' लिहिले. वडिलांच्या घरी संस्कृत शिकलेली ही ब्राह्मणकन्या. बंगालमध्ये तिने दुसऱ्या जातीच्या बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केले, आणि दोन वर्षे होतात न होतात तोच ती विधवा झाली. पदरी तान्ही मुलगी. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे समाजाने वाईट म्हणून टाकलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करतात, हे त्यांनी पाहिले. विजयालक्ष्मीच्या देशातून गेलेल्या बाईला ते केवढे वाटले असेल! त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतची गोष्ट आम्ही ख्रिस्ती लोक अभिमानाने सांगतो. पुढची फारशी सांगत नाही. रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात पंडितांच्या सभा गाजवलेली ही बाई, तिने मुलांना शिकवले तर काय बुडणार होते? त्या शाकाहारी राहिल्या, तर तो जातीचा ताठा ठरला. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये कशाला, संस्कृतात असू द्या, असे त्या म्हणाल्या, त्यावरही वाद झाला. रमाबाईंनी धर्म सोडला नाही, पण मानही वाकवली नाही. ब्राह्मण पुरोहिताच्या हुकमतीतून सुटले ती इंग्रज पुरोहिताच्या हुकमतीत जायला नव्हे, असा त्यांचा बाणा होता.

पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि १८८९ साली त्या देशावर मराठीत पुस्तक लिहिले. तेथील स्त्रियांच्या संस्थांचे त्यांनी कौतुक केले. पण काळ्या लोकांवरचा आणि तेथल्या मूळ रहिवाशांवरचा अन्यायही झाकून ठेवला नाही. परत येऊन मुंबईत शारदासदन काढले, मग केडगावला मुक्तिसदन उभारले. दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना तेथे आसरा मिळाला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले, आणि छापखान्यातले खिळे मुक्तीच्या बायकांनी जुळवले. शिकवू नये म्हटलेल्या बाईने सबंध ग्रंथच बायकांच्या हाती दिला!

अमेरिकन मिशनमध्ये काम करणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनाही परकी हुकमत बोचली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला.

आता काळ पालटला आहे. २०१३ साली दक्षिण हिंदुस्थानच्या चर्चमध्ये पुष्पललिताबाई बिशप झाल्या. रोमन कॅथलिक चर्चमध्ये मात्र स्त्रीला अजून धर्मगुरू होता येत नाही. माझेच सांगायचे, तर मी पुष्कळ वर्षे उपासनेच्या शाळेत मुलांना शिकवले. एकदा सभेत विचारले, "पंचांत एकही बाई का नाही?" एक गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, चहाचे तुमच्याकडे आहे ना?" सगळे हसले. मी हसले नाही. दर सभेत तोच प्रश्न विचारत राहिले. चौथ्या वर्षी दोन बायका पंचांत आल्या.

भगिनींनो, आता तुमच्याकडे वळते, रागावू नका. मी ह्या आळीत राहायला आले, तेव्हा संक्रांतीचे वाण माझे दार चुकवून पुढे जाई. ज्यांचे कुंकू गेले आहे त्यांचे दार आजही चुकते. ते मला बोचले, तसे त्यांनाही बोचत असेल.

पण ही भाषणाची तयारी करत असताना माझीच चूक माझ्यापुढे उभी राहिली. आळी झाडायला येणाऱ्या बाईला नाताळचा फराळ मी इतकी वर्षे कागदात बांधून, ओट्यावर उभी राहूनच देत आले. ती माझ्या घरात कधी बसली नाही, कारण मी तिला कधी 'ये' म्हटले नाही. आजीचे मागचे दार मी माझ्याच घराला बसवून घेतले होते!

गेल्या आठवड्यात मी तिला घरात बोलावले. ती बिचकली, उंबऱ्याशीच बसली. मीही तिच्याजवळ खाली बसले, आणि दोघींनी चहा घेतला. एवढ्याने जग बदलत नाही, हे मला कळते. पण येत्या संक्रांतीला आपल्या मंडळाचे वाण आळीतले एकही दार न चुकवता जावे, अशी माझी मागणी आहे, आणि ताट घेऊन फिरायला मी येईन.