पोटुशी बाई आणि जंतू मारणारी गोळी

गेल्या महिन्यात कुंभार पिंपळगावात गटाची बैठक होती. हप्त्याचं बोलणं झालं आणि एक सासूबाई म्हणाल्या, "सुनेला पाचवा महिना आहे. लघवीत जंतू निघाले म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी म्हटलं, गरम पडतील, लेकराला बाधतील. दोन दिवसांत बंद केल्या. बरोबर केलं ना?"

नाही मावशी, चुकलं. पण तुमची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून आज त्यावरच बोलते.

लघवीला जळजळ झाली की आपण म्हणतो उन्हाळी लागली, आणि धन्या-जिऱ्याचं पाणी देतो. पोटुशी बाईची लघवी थोडी तुंबून राहते, त्यात जंतू लवकर वाढतात. उसाच्या फडात तर प्यायला पाणी कमी, आडोसा नाही, बाई दिवसभर दाबून धरते. कधी जंतू असतात पण जळजळ नसते, म्हणूनच तपासणीत लघवी मागतात. औषध नाही झालं तर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. थंडी वाजून ताप येतो, कुशीत कळ येते, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं, बाळ कमी वजनाचं निपजतं. लेकराला बाधतो तो हा जंतू.

आता गोळ्यांचं. अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन ही औषधं कित्येक वर्षांपासून गर्भारपणात देतात, बाळाला ती सुरक्षित मानली जातात. मात्र पेनिसिलिननं पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर आधी सांगायचं. डॉक्सिसायक्लिनचं वेगळं. चौथा महिना उलटल्यावर ते बाळाच्या दातांत, हाडांत बसतं; पुढं दात पिवळे-तपकिरी निघतात. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिन इंजेक्शननं बाळाच्या कानाला इजा होऊ शकते. नायट्रोफ्युरँटॉइन मधल्या महिन्यांत चालतं, शेवटच्या दिवसांत देत नाहीत. म्हणून गोळी कोणती आणि महिना कितवा, दोन्ही बघावं लागतं.

आणि इथंच आपलं अडतं. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी आपली रीत. माझ्या दुसऱ्या खेपेला मी ताप आला म्हणून मेडिकलवरून गोळ्या आणल्या. त्यानं विचारलं नाही, मी लाजेनं सांगितलं नाही. माझं निभावलं, पण बाळाचे अवयव घडतात ते याच तीन महिन्यांत. शेजारणीला सांगू नका हवं तर; डॉक्टरला, आशाताईला, मेडिकलवाल्याला सांगा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला तपासणी आणि औषधं मोफत आहेत. २०११ पासूनची ही योजना आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून खास तपासणी असते. दिवाळीनंतर टोळीबरोबर जाणाऱ्यांनी तपासणीचं कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात आधी ठेवावं. तिकडच्या डॉक्टरला कार्डावरून महिना कळतो. गोळ्यांनी उलटी झाली तर मनानं बंद न करता विचारायला जा; पुरळ उठलं तर पुढची गोळी न घेता लगेच विचारायला जा. डॉक्टर बदलून देतात.

त्या मावशी दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन गेल्या. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट सोबत नेलं, हे फार बरं केलं. डॉक्टरांनी लघवी पुन्हा तपासायला घेतली.