धंद्यातील भीती आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वस्तीतल्या छोट्या धंदेवाल्यांनी आज चार शब्द बोलावेत, असे समितीने सांगितले. आमच्यात कोणी शिलाई मशीन चालवतो, कोणाचे वेल्डिंगचे काम आहे, कोणाची खानावळ आहे, तर कोणी हातगाडी लावतो. आम्ही काही मोठे व्याख्याते नाही. म्हणून जे रोज अनुभवतो, तेच सांगणार आहोत. आमचा विषय आहे भीती.

विहारात धंद्याच्या गोष्टी कशाला, असे कोणाला वाटेल. पण भगवान बुद्धांचे पहिले दोन उपासक तपस्सु आणि भल्लिक हे व्यापारीच होते. अनाथपिंडिक हाही व्यापारीच. गृहस्थाने धन कसे मिळवावे, कसे राखावे, याचा उपदेश तथागतांनी अनेक ठिकाणी केलेला आहे. तेव्हा हा विषय विहाराबाहेरचा नाही.

छोटा धंदा करणाऱ्याला भीती कशाची वाटते? सकाळी शटर वर केले की पहिला विचार येतो, आज गिऱ्हाईक येईल का? महिनाअखेर भाडे निघेल का? उधारी मागितली तर माणूस तुटेल का? बँकेत साहेबासमोर बोलताना जीभ अडखळेल का? आणि या सगळ्यांच्या तळाशी एक प्रश्न असतो, जो आपण बायकोलाही सांगत नाही, की अरे, हे आपले काम आहे का? आपल्याला हे जमणार आहे का?

अंगुत्तर निकायात माणसाच्या पाच भयांची यादी आहे. उपजीविकेचे भय, बदनामीचे भय, सभेत चारचौघांत बोलण्याचे भय, मरणाचे भय आणि दुर्गतीचे भय. यातली पहिली तीन नीट पाहा. पोट कसे भरेल, लोक काय म्हणतील, आणि मोठ्या माणसासमोर कसे बोलू. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी जणू आमच्या दुकानात बसूनच केल्यासारखी वाटते. म्हणजे भीती वाटणे हा काही आपल्या एकट्याचा दोष नव्हे.

परंतु आपल्या समाजाच्या भीतीला आणखी एक मूळ आहे. ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नगरच्या कापडबाजारात पेढीवर बसणाऱ्याचा मुलगा शाळेतून आला की वडिलांच्या शेजारी बसतो. भाव कसा करायचा, उधारी कोणाला द्यायची, गोड बोलून नाही कसे म्हणायचे, हे तो बघून बघून शिकतो. आमच्या आज्या-पणज्यांच्या हातात तराजू कोणी दिला होता का? त्यांच्या वाट्याला आली चावडी झाडणे, सांगावे पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे. त्याच्या बदल्यात बलुते आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. रोख पैसा नाही, भाव ठरवण्याचा अधिकार नाही. ज्या घरात चार पिढ्या कोणी भावच ठरवला नाही, त्या घरातला मुलगा पहिल्यांदा गिऱ्हाइकाला किंमत सांगताना चाचरला, तर त्यात नवल ते काय? त्याला येत नाही म्हणजे त्याच्यात कुवत नाही, असे नव्हे. त्याला अजून कोणी शिकवलेले नाही, एवढेच.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. आजच्या श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. तेथे डिसेंबर १९३९ मध्ये वतनाच्या प्रश्नावर मोठी परिषद भरली आणि परमपूज्य बाबासाहेब स्वतः तिला आले. वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून त्यांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. वतन म्हणजे गुलामी, हे ते समाजाला वर्षानुवर्षे सांगत होते. पण त्या वेळच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वतन सोडले तर उद्याची भाकर कोठून आणायची? ती भाकर अपमानाची होती, पण ती ठरलेली होती. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने संपली. आपले लोक रेल्वेत, गिरणीत, पलटणीत, साखर कारखान्यात गेले, शिकले, सरकारी नोकरीत लागले. वतन गेले म्हणून समाज बुडाला नाही. उलट तेथून तो वर आला.

आज तीच भीती दुसऱ्या रूपात घरात बसली आहे. मुलगा म्हणतो, मला गॅरेज टाकायचे. आई म्हणते, अरे बाबा, नोकरी बघ, धंदा आपल्याला धार्जिणा नाही. आईचे काळीज आम्हाला कळते. पण कायम नोकरीच्या जागा कमी झाल्या आणि ठेकेदारीची कामे वाढली, हे आपण डोळ्यांनी बघतो आहोत. नोकरी जरूर करावी, पण ती मिळेपर्यंत दहा वर्षे घरी बसवून ठेवणे हेही नुकसानच आहे.

आता बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग, जो फारसा सांगितला जात नाही. १९१७ साली ते विलायतेहून परत आले. बडोद्यात राहायला जागा मिळेना, म्हणून नोकरी सोडून मुंबईला आले. घर चालवायचे होते. तेव्हा त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला माणूस! सुरुवातीला लोक आले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे, ही बातमी पसरली आणि गिऱ्हाईक तुटले. व्यवसाय बंद करावा लागला.

बंधूंनो, इथे जरा थांबून विचार करा. तो व्यवसाय ज्ञान कमी पडले म्हणून बंद पडला का? नाही. सल्ला तोच होता, सल्ला देणाराही तोच होता. बदलले ते गिऱ्हाइकाच्या डोक्यातले. म्हणून आमचे आजचे मुख्य सांगणे हे आहे की भीतीचे दोन ढीग करायला शिका. एका ढिगात आपल्या कामातली उणीव, जसे की माल वेळेवर दिला नाही, शिलाई उसवली, हिशोब चुकला. ही उणीव आपल्या हातातली आहे, ती दुरुस्त होते. दुसऱ्या ढिगात समोरच्याच्या मनातला मळ. पाटीवरचे आडनाव वाचून एखादा पुढच्या दुकानात गेला, तर तो आपल्या कामाचा निकाल नव्हे. हे दोन ढीग एकमेकांत मिसळले की माणूस खचतो. आणि दुसरीही बाजू आहे. प्रत्येक गिऱ्हाईक जातीमुळेच गेले असे म्हणत बसलो, तर उसवलेली शिलाई तशीच राहते. दोन्हीकडून सावध राहिले पाहिजे.

पुढे बाबासाहेबांनी काय केले? खासगी शिकवण्या केल्या. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पैसा साठवला, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये परत येऊन वकिली सुरू केली. वकिली हाही एक स्वतंत्र धंदाच की! तेथेही सॉलिसिटर मंडळी कामे देईनात. तेव्हा १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते. शिकवणीने घर चालवले आणि वकिली सोडली नाही. १९२६ मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात आरोपींची बाजू मांडून तो त्यांनी जिंकला. यात आपल्याला शिकण्यासारखे फार आहे. धंदा उभा राहीपर्यंत दुसरे काही मिळकतीचे काम हाताशी ठेवण्यात कमीपणा नाही. सकाळी कंपनीत आणि संध्याकाळी गाडीवर असे करणारे आमच्यातही आहेत.

आता भीती जाते कशी? मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. बोधिप्राप्तीपूर्वी बोधिसत्त्व भीतिदायक अरण्यात मुद्दाम राहत. चालताना भीती वाटली तर चालत असतानाच ती मोडायची, थांबायचे नाही की बसायचे नाही. बसलेले असताना आली तर बसूनच मोडायची, उठून पळायचे नाही. धंद्यात याचा अर्थ सरळ आहे. कोटेशन देताना हात थरथरला तर थरथरत्या हाताने द्या. उधारी मागायला जाताना छाती धडधडली तर तशीच जाऊन नम्रपणे मागा. भीती गेल्यावर करू म्हणाल तर ती जाणारच नाही.

दुसरा उपाय आहे वही. अंधारात दोरी सापासारखी दिसते, हिशोब नसला की धंदाही तसाच दिसतो. समजा एका ताईने नाश्त्याचे छोटे दुकान काढले. भाडे ४,०००, वीज ८००, कर्जाचा हप्ता २,७००, मिळून महिन्याला ७,५०० रुपये. म्हणजे रोजचे २५०. एका प्लेटमागे माल आणि गॅस वजा जाता १० रुपये सुटत असतील, तर २५ प्लेटा विकल्या की दुकानाचा खर्च निघाला. घराला महिन्याला १५,००० लागतात, म्हणजे रोजचे ५००, त्यासाठी आणखी ५० प्लेटा. एकूण ७५. आता ‘दुकान चालेल का’ ही भीती उरली नाही, ‘रोज ७५ प्लेटा कशा विकायच्या’ हा प्रश्न उरला. ४० च जात असतील तर जागा बदलायची, की वेळ बदलायची, की पदार्थ बदलायचा, हे ठरवता येते. भीतीशी भांडता येत नाही, आकड्याशी येते.

व्यग्घपज्ज सुत्तात गृहस्थाने तराजू धरणाऱ्यासारखे राहावे असे म्हटले आहे, मिळकतीचे पारडे किती आणि खर्चाचे किती हे त्याला कळावे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग खाण्यापिण्याला, दोन धंद्यात, एक अडीअडचणीसाठी शिल्लक. आमच्यासारख्याला हे माप तंतोतंत जमणार नाही, हे खरे. पण गल्ल्यातला पैसा आणि खिशातला पैसा वेगळा, एवढे तर जमेल?

कर्जाबद्दल थोडे. महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळ १९७८ पासून आहे, जिल्हा उद्योग केंद्र आहे. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, तिच्यातले ५०,००० पर्यंतचे शिशू कर्ज तारणाशिवाय मिळते. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करावी, असे धोरण २०१२ पासून आहे. कागदपत्रे आणि वही घेऊन जा, एकट्याला धीर होत नसेल तर दोघे मिळून जा. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. मात्र वहीत जेवढे बसेल तेवढेच कर्ज घ्या. लग्नासाठी धंद्याच्या नावावर कर्ज काढू नका.

त्या पाच भयांवर अंगुत्तर निकायात चार बळे सांगितली आहेत. प्रज्ञा, वीर्य म्हणजे उद्योग, निर्दोष आचरण आणि लोकसंग्रह. ज्याचे माप खरे आणि माल स्वच्छ, त्याला बदनामीचे भय कशाला? दारूच्या धंद्यात पैसा लवकर येतो, पण तो तथागतांनी वर्ज्य सांगितला आहे, आणि त्यात रोज नवे भय विकत घ्यावे लागते.

लोकसंग्रहाचे मात्र तुम्हा सर्वांना सांगायचे आहे. थोडे कडू बोलतो, राग मानू नका. आपल्याच माणसाच्या दुकानात आपण उधार मागतो आणि रोख घेऊन बाजारात जातो. तेथे भाव करत नाही, इथे ‘आपलाच आहे’ म्हणून अर्ध्या पैशात मागतो. कोणाचे दुकान बंद पडले की ‘सांगितले होते ना’ म्हणून हसतो. अहो, त्या हसण्याने दहा पोरांची हिंमत जाते! पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना उभी केली, ती याच जाणिवेतून की एकट्याची भीती चौघांत वाटली की हलकी होते. बाबासाहेबांना भथेना भेटले. आपल्या पोरांना आपण तरी भेटू या.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. वस्तीतल्या दुकानदाराची जुनी उधारी या महिन्यात फेडावी. विहारात महिन्यातून एक संध्याकाळ धंदेवाल्यांसाठी ठेवावी, जेथे जुन्याने नव्याला रोजमेळ लिहायला शिकवावे आणि बँकेत जाणाऱ्याला सोबत द्यावी. आणि मुलींना, सुनांना धंदा करायचा असेल तर त्यांना अडवू नये. मेस आणि शिलाई चालवून त्यांनी किती घरे सावरली, हे आपण जाणतोच.

शेवटी एक सांगतो. सगळेच धंदे चालत नाहीत. सहा महिने वही तोटाच दाखवत असेल, तर बायकोचे डोरले गहाण पडण्याआधी दुकान बंद करण्यातही शौर्य आहे. बाबासाहेबांचा व्यवसाय बंद पडला, बाबासाहेब बंद पडले नाहीत. दुकान मिटले तरी शिकलेला हिशोब, ओळखी आणि हात आपलेच राहतात, त्यांतून दुसरे दुकान उभे करता येते.

 नमो बुद्धाय! जयभीम!