कागदाची घडी आणि बालवाडीचे मूल



कागदाच्या घड्या घालून वस्तू करण्याच्या कलेला जपानमध्ये ‘ओरिगामी’ म्हणतात. आपल्याकडे शरद म्हणजे टिपूर चांदणे. तेथे शरद म्हणजे मेपलची लाल आणि गिंकोची पिवळी पाने. तेथील बालवाडीतली मुले हा ऋतू कागदातून घडवितात.

त्या दिवसांत पिकणाऱ्या एका नारिंगी फळाचे नाव आहे ‘काकी’! आपली मुले हसतीलच. नारिंगी चौकोनी कागदाचे चारही कोपरे थोडे थोडे मागे दुमडावेत, गोलसर फळ दिसू लागते. वर हिरव्या कागदाचा लहान तुकडा चिकटवावा. झाली काकी. कात्रीची गरज नाही, खर्चही नाही.

बालोद्यानाचे जनक फ्रोबेल यांनी कागदाच्या घड्यांना शिक्षणात स्थान दिले. त्यावरून स्फूर्ती घेऊन मद्रासचे टी. सुंदर राव यांनी १८९३ साली घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. काठाला काठ जुळविताना अर्धा, पाव, त्रिकोण या गोष्टी मुलाच्या हाताला आधी कळतात, शब्द मागून येतात.

म्हणून पालकांना एकच विनंती. मुलाची घडी वाकडी पडली, तर त्याच्या हातून कागद घेऊन ती सरळ करू नका. स्वतःचा वेगळा कागद घेऊन शेजारी बसा आणि सावकाश घडी घाला. भिंतीवर मात्र त्याचेच वाकडे फळ लावा. ते त्याने स्वतः केलेले असते.